गाव दत्तक घेण्यापूर्वी वाचा

विद्यापीठांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची टीम येणार असं कळलं की विद्यापीठाला दोन गोष्टी आठवतात: रंगरंगोटी आणि समाज. रंगाचं कुलसचिव कार्यालय बघून घेतं. समाजाचं तुम्ही बघायचं, कारण तुम्ही नवे आहात आणि बैठकीत मान खाली घालायला तुम्हाला जरा उशीर झाला. अभिनंदन. निकष तिसरा, 'संशोधन, नवोपक्रम आणि विस्तार', आजपासून तुमच्या गळ्यात.

आधी संशोधन उरकून टाकू. ते आंतरविद्याशाखीय हवं, 2020च्या शैक्षणिक धोरणापासून त्याशिवाय पान हलत नाही. जोडीदार निवडताना विषय पाहू नका, स्वभाव पाहा. वेळेवर मजकूर देणारा आणि तुमचा मजकूर न वाचणारा असला म्हणजे झालं. समजा तुम्ही मराठीचे, ते भूगोलाचे. 'ग्रामीण कवितेतील पर्जन्यमान: एक चिकित्सक अभ्यास'. अर्धा निबंध तुम्ही लिहा, अर्धा ते लिहितील. तुमच्या भागात पाऊस नुसता कोसळेल, त्यांच्या भागात तो मिलिमीटरमध्ये पडेल, आणि दोन्ही पावसांची कुठेही गाठ पडणार नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 2018च्या नियमांनुसार दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं. तुम्हाला तेवढ्याचीही गरज पडणार नाही.

तिसरा विषय मात्र घेऊ नका. पदोन्नतीचे गुण मोजायची पद्धत अशी: एकट्याने लिहिलं तर पूर्ण गुण, दोघांनी लिहिलं तर प्रत्येकी 70 टक्के, आणि तिसरा आला की मुख्य लेखकाला 70, बाकीच्यांना 30. म्हणजे विद्याशाखांनी एकत्र यावं असं धोरण सांगतं आणि आलात तर गुण कापू असं कोष्टक सांगतं. ज्ञानाचा त्रिवेणी संगम करायचाच असेल तर सरस्वती गुप्त ठेवा. संख्याशास्त्राच्या बाईंनी सगळी आकडेमोड केली असेल, तरी त्यांचे आभार शेवटी एका ओळीत मानले की पुरे.

आणि हे सगळं मनावर घेऊ नका. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या दामोदर कोसंबींनी ते मनावर घेतलं होतं. वापरात झिजून नाण्याचं वजन घटतं, हे धरून त्यांनी प्राचीन आहत (ठसे मारलेली) नाणी तोलली आणि संख्याशास्त्राच्या आधारे इतिहासात शिरले. आज ते मुलाखतीला आले असते, तर समितीने चष्म्यावरून बघत एवढंच विचारलं असतं, "तुमचा मूळ विषय कोणता? जाहिरात गणिताची आहे."

आता समाज. पूर्वी हे काम राष्ट्रीय सेवा योजनेवर ढकलता यायचं. 1969 साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत ती सुरू झाली. विद्यार्थ्याने वर्षाला 120 तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. (त्या शिबिरांतून काही मुलं खरोखर बदलून येतात. हा दोष कसा काढायचा ते अजून कोणाला जमलेलं नाही.) मग उच्च शिक्षणसंस्थांना खेड्यांशी जोडणारं केंद्र सरकारचं उन्नत भारत अभियान आलं. त्यात संस्थेने किमान पाच गावं दत्तक घ्यायची असतात. दत्तक जाणाऱ्याची संमती लागते का, असला प्रश्न बैठकीत काढू नका, विषयपत्रिकेत नाही तो.

गाव निवडताना रस्ता आणि मोबाइलची रेंज बघा. रेंज नसेल तर फोटोवर अक्षांश-रेखांश उमटत नाहीत, आणि त्यांच्याविना झालेली सेवा पोर्टलवर चढत नाही. फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, ग्रामस्थ अर्धे आले तरी चालतील.

नंतर सर्वेक्षण. इथे एक अडचण येते. रस्त्यालगतचं, रेंज असलेलं गाव तुमच्याआधी अर्थशास्त्राला, समाजकार्याला आणि गृहविज्ञानालाही सापडलेलं असतं. दुसऱ्या गल्लीतल्या मावशी तुमचे विद्यार्थी दिसले की ओट्यावर बसूनच सुरू करतात: "पाच माणसं, दोन एकर, कोरडवाहू. संडास आहे. मोबाइल दोन. पाणी नाही." मूल पेनाचं टोपण काढेपर्यंत त्यांचे सात रकाने भरून झालेले असतात. रकान्यांचा क्रमही त्यांना पाठ. चार विभाग, चार प्रश्नावल्या आणि उत्तरं देणारी बाई एकच. पूर्ण विद्यापीठात खरं आंतरविद्याशाखीय काम काय ते तिच्या ओट्यावर चाललंय. पण तिचं नाव कोणत्याच निबंधात येत नाही, कारण ती 'प्रतिसादक क्र. 14' असते. आणि 'पाणी नाही' या उत्तराला तुमच्या प्रश्नावलीत रकाना नसतो. ते 'इतर'मध्ये टाका.

मावशी विचारतील, "याचं पुढं काय होतं?" ठाम आवाजात सांगा, "वर पाठवतो." खोटं नाहीच ते. पोर्टल वरच असतं.

कोणी डॉक्टर दाम्पत्य अभय आणि राणी बंग यांचं उदाहरण तोंडावर फेकलं तर गांगरू नका. ते गडचिरोलीत जाऊन राहिले. दोन गावांतल्या 650 स्त्रियांचा त्यांचा अभ्यास 1989 मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला, त्यात 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले होते. पुढे गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि 1999च्या निबंधात नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. ठीक आहे, पण तुमच्या दृष्टीने यातला मुख्य दोष बघा: परतीची गाडी किती वाजता, हे त्यांनी ठरवलंच नव्हतं. तुम्हाला चारला निघायचं आहे, ड्रायव्हरचा ओव्हरटाइम मंजूर नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. कधी कधी तुमच्या हातून काही न घडता गावात सुधारणा होते. समजा, जलजीवन मिशनचा नळ मावशींच्या दारात आला. अशा वेळी संकोच करू नका. 'सर्वेक्षणाची फलनिष्पत्ती' असं शीर्षक द्या, नळाशेजारी बॅनर धरून उभे राहा, मावशींना हसायला सांगा. नळाला पाणी आलंय का, हे विचारू नका. तो पुढच्या वर्षीच्या सर्वेक्षणाचा विषय आहे, आणि भूगोलवाल्यांनी तो आधीच मागून ठेवलाय.