‘पिंपं भरायला रसायनतज्ज्ञ कशाला?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीतल्या करिअरवरचा माझा लेख वाचून तुम्ही तीन हरकती घेतल्यात. यात रसायनशास्त्र नाही, नुसती पिंपं भरून पाठवायची. काम ताकदीचं आणि जिवावरचं, मग मुलींना त्यात कशाला ओढायचं? आणि शास्त्रज्ञांत ‘स्त्री’ असा वेगळा कप्पा तरी कशासाठी? भाचीला हे क्षेत्र सुचवणार नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

पहिली हरकत मला मुळीच मान्य नाही. इलेक्ट्रोप्लेटिंगमधून, म्हणजे विजेने धातूचा मुलामा देण्याच्या कामातून, आलेलं सायनाइडचं विषारी पाणी घ्या. पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) १०च्या वर धरून हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचं ब्लीच, घातलं की सायनाइडचं सायनेट हे बरंच कमी विषारी संयुग होतं. मग पीएच ८.५च्या आसपास आणून पुन्हा हायपोक्लोराइट घातलं की सायनेट फुटून नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड होतो. १ किलो सायनाइडला हिशोबाने सुमारे ६.८ किलो क्लोरीन लागतो. प्रत्यक्षात जास्तच, कारण पाण्यातले सेंद्रिय पदार्थही तो खातात. पहिल्या टप्प्यातच पीएच घसरला तर सायनोजेन क्लोराइड हा विषारी वायू सुटतो. पाण्यात लोह असेल तर आणखी पंचाईत: फेरोसायनाइड, म्हणजे लोहाशी बांधलं गेलेलं सायनाइड, क्लोरीनला दाद देत नाही. मुक्त सायनाइडची चाचणी शून्य दाखवते आणि एकूण सायनाइड तसंच राहतं. कोणती चाचणी मागायची, हे रसायन कळणाऱ्यालाच सुचतं.

पिंप भरतानाही तेच. ज्या बाटलीत ॲसिटोन उरलंय तिच्यात नायट्रिक आम्लाचा कचरा ओतून झाकण घट्ट लावलं, तर वायू साठून बाटली फुटते, कधी कधी काही तासांनी, खोलीत कुणी नसताना. म्हणून ‘आधी यात काय होतं?’ हा प्रश्न लेबल लिहिण्याआधीचा.

ताकदीबद्दल एवढंच, की २०० लिटर डायक्लोरोमिथेन या द्रावकाचं वजन २६० किलोच्या वर भरतं. ते कुठलाही पुरुष उचलत नाही, ट्रॉली उचलते.

जिवावरचं म्हणता, ते मात्र खरं. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजातल्या कॅरन वेटरहान या विषारी धातूंच्या जाणत्या रसायनतज्ज्ञ. १९९६ मध्ये त्यांच्या लेटेक्स हातमोज्यावर डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या अतिविषारी संयुगाचे काही थेंब पडले आणि १९९७ मध्ये त्या गेल्या. तसल्या मोज्यातून ते द्रव्य काही सेकंदांत आरपार जातं, हे नंतरच्या चाचण्यांत दिसलं. त्यांच्या जागी पुरुष असता तरी मोजा तोच होता. आणि विद्यार्थिनींना विज्ञानात टिकवण्यासाठी १९९० मध्ये तिथे जो प्रकल्प सुरू झाला, तो उभा करणाऱ्यांत वेटरहानच होत्या. धोका आणि मुली, दोन्ही गोष्टी त्यांना पुरत्या माहीत होत्या.

तिसऱ्या हरकतीत तुमचं अर्धं बरोबर आहे. ‘मुलींना प्रोत्साहन द्या’ एवढंच लिहून मी पुढे गेलो, ती लेखातली उणीव. सत्कार आणि पोस्टर यांनी काही होत नाही. श्वसनमास्क चेहऱ्याला घट्ट बसला नाही तर हवा गाळणीतून न येता कडेने आत शिरते. भांडारात फक्त मोठा आणि मध्यम मास्क असेल, तर लहान चेहऱ्याच्या बाईला संरक्षणच नाही. सैल हातमोज्याचं टोक झाकणात अडकतं, बाटली निसटते. वेगळा कप्पा लागतो तो इथे.

दुसरी गोष्ट कामाच्या वाटणीची. नमुने घेणं आणि अनोळखी बाटल्या तपासणं पुरुषांकडे, नोंदवह्या बाईकडे, असं झालं की पाच वर्षांनी तिच्याकडे निर्णयाचा अनुभवच नसतो. गरोदरपणाची काळजी म्हणून तिला कायमचं टेबलावर बसवणं तर चूकच. उदाहरणार्थ, शिसं पुरुषाच्या प्रजननक्षमतेलाही बाधतं, म्हणून हवेतलं शिसं सगळ्यांसाठीच कमी करायला हवं. गरोदरपणातला कामाचा बदल तात्पुरता असावा, आणि तो तिच्याशी बोलून ठरावा.

भाचीला नाही म्हणण्याआधी तिला मुलाखतीत एवढं विचारू द्या: माझ्या मापाचा मास्क आहे का, तो चेहऱ्याला बसतो की नाही याची चाचणी कधी घेता, आणि लेबल नसलेली बाटली आली तर ती कोण तपासतं? उत्तरं चाचरत आली, तर तिथे तिनेच काय, कुणीच जाऊ नये.