मोबाईल कपाटात ठेवला, लाइट बिल तेवढंच

गणपती झाल्यापासून एकच मेसेज माझ्याकडे तीनदा आला. आधी गल्लीच्या ग्रुपवर, मग बचत गटाच्या, आणि गेल्या आठवड्यात खानापूरच्या मावसबहिणीकडून. मजकूर थोडक्यात असा : लाइट बिल वाढतं ते मुलांच्या मोबाईलमुळे. चार्जर प्लगला नुसता राहिला तरी चार्जिंगइतकीच वीज खातो. मुलांचा मोबाईल आणि टीव्ही बंद केला की बिल निम्म्यावर येतं. आणि कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेची 200 युनिटं फुकट आहेत, त्यामुळे बाकी कशाची काळजी नको. खाली हात जोडलेले आणि ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’.

मी बेळगावात मराठी माध्यमाच्या मुलांना विज्ञान शिकवते. हा मेसेज वाचून एका आईनं दहावीतल्या मुलीचा फोन कपाटात ठेवला. ती मुलगी पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा ॲपवरचे धडे बघायची, कन्नडचे अडलेले शब्द फोनवर शोधायची. घरी मराठी आणि परीक्षेत कन्नडचाही पेपर, ही कसरत सीमाभागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. म्हणून हा मेसेज मी नुसता पुसून टाकला नाही. एकेक मुद्दा घेते.

मोबाईलमुळे बिल वाढतं, हा पहिला. 1000 वॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. 5000 एमएएचच्या बॅटरीत साधारण 19 वॅट-तास वीज मावते. चार्जर तापतो त्यात थोडी वाया जाते, ती धरून 25 म्हणा. म्हणजे एका युनिटात फोन चाळीस वेळा पूर्ण भरतो. रोज शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज केला तरी महिन्याचं पाऊण युनिट. घरात चार फोन असले तर तीन युनिटं, आणि त्यातले दोन आई-बाबांचे असतात, हेही लक्षात घ्या.

रिकाम्या चार्जरचा मुद्दा तर साफ चुकीचा. फोन जोडलेला नसताना आजकालचा चार्जर एक दशांश वॅटच्या आसपास वीज घेतो. जुना असेल तर तिप्पट धरा. तरी महिनाभरात युनिटाचा पाचवा हिस्सा होतो. वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की प्लग काढावेत, मीही काढते. पण ते उपकरण जळू नये म्हणून.

‘मोबाईल-टीव्ही बंद, बिल निम्मं’ या मुद्द्यावर मात्र जरा थांबायला हवं, कारण लोकांचा खरा तोटा इथं होतो. मी वर्गातल्या मुलांना घरचा अभ्यास दिला होता, आणि तो कुणालाही करता येतो. मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बऱ्याच मीटरवर 3200 इम्पल्स असं लिहिलेलं असतं, म्हणजे तो दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तुमच्या मीटरवर आकडा वेगळा असेल तर तो घ्या. घरातलं सगळं बंद करा, फक्त एक वस्तू चालू ठेवा आणि घड्याळ लावून मोजा.

10 वॅटच्या चार्जरवर फोन लावला तर दिवा जवळजवळ दोन मिनिटांनी एकदा लुकलुकतो. मुलं वाट बघून कंटाळतात. जुना 75 वॅटचा पंखा लावला की मिनिटाला चारदा. आणि 2000 वॅटचा गीझर लावला की मिनिटाला शंभरच्या वर, मोजताना बोट मागं पडतं. एक मुलगा दुसऱ्या दिवशी म्हणाला, “बाई, आमच्यात आजीनं बाबांना बोलावून दाखवलं.” एवढी एक गोष्ट त्या घरात पाच वर्षांच्या भाषणांनी घडली नसती.

आपलं बेळगाव थंड हवेचं. नोव्हेंबरपासून पहाटे नळाचं गार पाणी हाताला सोसत नाही. पूर्वी परसात बंब किंवा चुलीवर हंडा असायचा, आता न्हाणीत गीझर. वीस लिटरची एक बादली वीस अंशांवरून बेचाळीसपर्यंत तापवायला अर्धं युनिट लागतं. एका बादलीत फोनची वीस चार्जिंग! घरात चार माणसं, रोज चार बादल्या, तर महिन्याची साठ युनिटं. टाकीतलं पाणी तापल्यावर स्विच तसाच राहिला तर त्याहून जास्त. चारही आंघोळी लागोपाठ उरकल्या, पाणी आंघोळीपुरतंच तापवलं, तर जे वाचतं ते मुलांचे सगळे फोन विकूनही वाचणार नाही.

पंख्याचंही तसंच. मार्च ते मे जुना पंखा रोज बारा तास फिरला तर महिन्याला 27 युनिटं होतात. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला 30 वॅट पुरतात, म्हणजे अकराच्या आत. जुन्या घरात तो मोठा डबा रेग्युलेटर असेल तर पंखा हळू केल्यानं वीज फारशी वाचत नाही. उरलेली त्या डब्यातच उष्णता होऊन जाते, हात लावून बघा. पाणी येतं त्या दिवशी वरची टाकी भरून वाहत राहते आणि खाली मोटर चालूच असते, हे मी आमच्याच गल्लीत नेहमी बघते.

टीव्हीबद्दल मेसेजमध्ये थोडं खरं आहे, ते नाकारणार नाही. 32 इंची टीव्ही 50 वॅटचा धरला आणि पाच तास चालला तर महिन्याला साडेसात युनिटं होतात. पण रिमोटनं टीव्ही बंद केल्यावर सेट टॉप बॉक्स चालूच राहतो. तो 10 वॅट घेत असेल तर दिवसरात्र मिळून महिन्याला सात युनिटं, नऊ मोबाईलच्या महिनाभराच्या चार्जिंगइतकी. रात्री भिंतीवरचा स्विच बंद करायचं काम मुलांना द्या, ती मोठ्यांपेक्षा चोख करतात.

आता गृहज्योती. ऑगस्ट 2023 पासून शून्य बिलं यायला लागली आणि लोकांनी समजून घेतलं की प्रत्येक घराला 200 युनिटं मोफत. तसं नाही. योजना सुरू होताना ठरलेला हिशेब असा : 2022-23 मधली तुमची महिन्याची सरासरी, त्यावर 10 टक्के, एवढीच मोफत. सरासरी 90 असेल तर 99. त्यावर गेलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि 200 ओलांडलीत तर सगळंच बिल भरायचं. आता विचार करा, अशा घरात त्यानंतर गीझर बसला असेल तर हिवाळ्यात हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल का येतं? ते आलं की बोट मात्र मुलाच्या हाताकडे जातं.

मुलांनी किती वेळ स्क्रीनपुढं बसावं, ही काळजी खोटी नाही. रात्री अकरापर्यंत रील्स बघणारं मूल सकाळी पहिल्या तासाला पेंगतं, मी रोज बघते. फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा, जेवताना नको म्हणा, वेळ ठरवून द्या, आणि तो नियम स्वतःही पाळा. पण कारण सांगताना झोप, डोळे, अभ्यास, खेळ ही खरी कारणं सांगा. बिलाचं कारण सांगितलंत आणि मुलानं एकदा मीटर मोजला, तर तो तुमचं पुढचंही ऐकणार नाही. आणि कणकुंबी-जांबोटीकडे आषाढात करंट गेला की परत कधी येईल याचा भरवसा नसतो. तिथल्या मुलाच्या वहीवर पडणारा उजेड त्याच फोनचा असतो.

त्या दहावीतल्या मुलीच्या आईला मी एक जुनी वही दिली आहे. रोज रात्री नऊला मीटरचा आकडा लिहायचा, शेजारी त्या दिवशी गीझर किती वेळ चालला तेही लिहायचं. आकडा मुलीनं वाचायचा, लिहायचा आईनं. पहिले चार दिवस लिहून झालेत, आणि फोन कपाटातून बाहेर आला आहे.