नवोदयची बादली

नवोदयचा, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळेच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल लागला की घरात पेढे येतात. यायलाच हवेत, एका विद्यालयात सहावीला जागाच 80. मग इंग्रजी कसं झेपेल, मेसचं जेवण जाईल का, यावर आत्या-मावश्यांची बैठक बसते. बादलीचा विषय मात्र कुणीच काढत नाही. माझं ठाम मत असं, की वसतिगृहात पहिल्या महिन्यात पोराला गणित रडवत नाही, बादली रडवते.

बादली 15 लिटरची बास. मोठी घेतली तर दहा-अकरा वर्षांच्या हाताने नळापासून न्हाणीपर्यंत जाताना निम्मी पायावरच रिकामी होते. कडीची दोन्ही टोकं आधीच तारेने आवळून घ्यावीत. नाहीतर भरलेली बादली उचलली की कडी कानातून निसटते. कडी हातात, बादली जागेवर आणि मागे रांगेत वीस जण. नाव मार्करने लिहू नये, आठवड्यात साबण ते खातो. खिळा तापवून कोरावं, आणि पूर्ण कोरावं. नुसतं ‘पाटील’ चालत नाही. एकेका हाउसमध्ये, म्हणजे मुलांच्या गटात, चार पाटील निघतात आणि चौघांच्याही बादल्या निळ्याच असतात.

अरवली, नीलगिरी, शिवालिक, उदयगिरी ही चार हाउसं. शिवालिकचा रंग लाल. तो नवा टी-शर्ट पांढऱ्या शर्टासोबत भिजवला, की दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत एक गुलाबी विद्यार्थी उभा असतो. त्यामुळे रंगीत कपडे पहिली दोन-तीन धुणी तरी वेगळे ठेवावेत. पांढऱ्यांना अर्धा तास भिजणं पुरे. रात्रभर ठेवले तर पावसाळ्यात कुबट वास धरतात. मोज्यांची गंमत निराळीच. पिळून थेट दोरीवर टाकले तर जुलैत तिसऱ्या दिवशीही ओलेच, आणि पहाटे पीटीला बूट चपक-चपक बोलायला लागतो. पिळलेले मोजे कोरड्या टॉवेलात गुंडाळायचे, त्या गुंडाळीवर मिनिटभर उभं राहायचं. टॉवेल पाणी ओढून घेतो. मग वाऱ्यावर टाकले की एका दिवसात निभावतं.

पत्र्याच्या पेटीच्या कुलपाला दोन किल्ल्या असतात. पहिली काळ्या दोऱ्यात गळ्यात. दुसरी हरवू नये म्हणून नीट जपून ठेवली जाते, पेटीतच. ती हाउसमास्तरांकडे द्यावी. आणि खोबऱ्याच्या वड्या देऊ नयेत, ओल धरून चार दिवसांत खराब होतात. बेसनाचे लाडू चांगले तीन आठवडे टिकतात असं म्हणतात. वसतिगृहात ते तपासून बघायची वेळ कधी येत नाही.

इतकं सगळं अंगवळणी पडेपर्यंत नववी उजाडते आणि स्थलांतराची यादी लागते. नववीतली साधारण 30 टक्के मुलं एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातल्या नवोदयात शिकतात. आपली बहुधा हिंदी मुलखात. नवोदय योजनेची सुरुवातच दोन टोकांना झाली होती. 1985-86 मध्ये पहिली दोन विद्यालयं उघडली, त्यातलं एक आपल्या अमरावतीत, दुसरं हरियाणातल्या झज्जरला. हिंदी काय, टीव्हीमुळे येतंच, असं म्हणत पोरगं रेल्वेत बसतं. बादलीची बाल्टी होते, तिथवर ठीक. पण भिंतीवर ‘शिक्षा सबका अधिकार है’ वाचून ते जरा हबकतं. मग गुरुजी प्रेमाने सांगतात, ‘बेटा, थोड़ी और चेष्टा करो.’ आज्ञाधारक मराठी मुलगा लगेच करतो, आणि त्याला शिक्षा मिळते. मराठी अर्थाची.