सॉफ्टवेअर म्हणतं मी ९४ टक्के आहे

चव्वेचाळिसाव्या वर्षी माणसाने कसली टेस्ट द्यावी तर शुगरची, पण मी इलेक्ट्रिक गिटारच्या ग्रेड थ्रीचा फॉर्म भरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, या ग्रेड आठ असतात, शिवाय १९९१ साली सुरू झालेल्या रॉकस्कूल या परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडे ग्रेड वनच्याही खाली डेब्यू म्हणून एक पायरी आहे, म्हणजे बालवाडीच. सहावी ते आठवी ग्रेड पास झालात तर ब्रिटनमध्ये कॉलेजच्या ॲडमिशनला पॉइंट मिळतात. तुला कुठल्या कॉलेजात जायचंय असं बायकोने विचारलं, मी विषय बदलला.

तर सरावासाठी सॉफ्टवेअर घेतलं. गिटारची वायर एका छोट्या डबीत, म्हणजे ऑडिओ इंटरफेसमध्ये, आणि डबीची वायर लॅपटॉपला. स्क्रीनवर सूर सरकत येतात, बरोबर वाजवला की हिरवा, चुकला की लाल. शेवटी टक्के. किती सोपं!

पहिल्याच दिवशी ट्यूनर उघडला, अजून तारेला हातही लावला नव्हता आणि पठ्ठ्या म्हणतो तुमचा जी सूर लागलाय पण ३५ सेंट (दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले की एक सेंट) चढा आहे. अरे कुठला जी? दोन तास डोकं खाल्लं तेव्हा कळलं की ती ५० हर्ट्झच्या विजेची घरघर होती, कारण अगदी खालचा जी ४९ हर्ट्झचा असतो, म्हणजे मी काही न वाजवता सुद्धा बेसूर होतो. तारांखाली आवाज टिपणारं जे चुंबक आणि तारेचं वेटोळं असतं त्याला पिकअप म्हणतात, आणि एकाच वेटोळ्याचं म्हणजे सिंगल कॉइलचं पिकअप ॲन्टेनासारखं ही घरघर उचलतं, पण आपण जागच्या जागी फिरलो की एका विशिष्ट दिशेला ती कमी होते. माझ्या खोलीत ती दिशा ईशान्य निघाली. रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळी ईशान्येला तोंड करून डोळे मिटून बसलेला जावई बघून सासूबाईंना फार बरं वाटलं, आणि मी अजून त्यांचा गैरसमज दूर केलेला नाही.

मग हेडफोनचं प्रकरण. रात्री घरातल्यांना त्रास नको म्हणून ब्लूटूथचा लावला. गाणं सुरू, मी ठेक्यात वाजवतोय, अगदी मान हलवत, आणि स्क्रीन लालेलाल. लेट. लेट. लेट. म्हटलं नाचता येईना अंगण वाकडं असं नको व्हायला, चूक आपलीच असणार, म्हणून मी प्रत्येक सूर जरा आधी वाजवायला लागलो आणि हळूहळू सगळं हिरवं व्हायला लागलं! महिनाभर असं केलं. ब्लूटूथमधून आवाज दीडदोनशे मिलिसेकंद उशिरा कानात पोचतो हे मला पाचव्या आठवड्यात कळलं. मिनिटाला ८० ठोक्यांच्या लयीत सोळाव्या भागाची नोट, म्हणजे पाव ठोका, साधारण १८७ मिलिसेकंदांची असते, म्हणजे मी आख्खा महिना मन लावून, घाम गाळून, एक सोळांश आधी वाजवायची सवय लावून घेतली होती. वायरवाला हेडफोन आणला, सेटिंगमध्ये जाऊन बफर, म्हणजे लॅपटॉप आवाज जेवढा साठवून मग पुढे पाठवतो तो, ५१२ वरून १२८ वर आणला, आणि स्क्रीन पुन्हा लाल. आता अर्ली. अर्ली. अर्ली.

यात बाहेरच्यांना काय ऐकू येतं तेही सांगायला पाहिजे. ॲम्प नसेल तर इलेक्ट्रिक गिटारचा आवाज किती, तर रबरबँड ताणून सोडल्याएवढा. म्हणजे माझ्या कानात स्टेडियम आणि घरच्यांना नुसतं टुक टुक टिक, आणि एक माणूस दात आवळून वेदनेने वर बघतोय. मुलीने त्याचा व्हिडिओ काढलाय. तो मी तिसऱ्या तारेवर सातव्या पट्टीचा डी ओढून ई करतोय तेव्हाचा आहे, ज्याला बेंड म्हणतात. तर्जनी, मधलं आणि अनामिका अशी तिन्ही बोटं लावून ढकलायचं, तार बोटाच्या आधीच्याच भेगेत बरोब्बर शिरते, स्क्रीनवरचा बाण वर चढत चढत डी शार्प आणि ई च्या मधोमध येऊन थांबतो, आणि तिथे जगातला कुठलाही सूर नाही.

स्पीडची पट्टी हे मात्र मोठं सुख. ५० टक्क्यांवर ठेवलं की ड्रमवाला जिना उतरताना अडखळतोय असं वाटतं पण मी एकदम वस्ताद. ७० टक्क्यांवर मी चांगला आहे, खरंच चांगला आहे, ७० टक्के स्पीडची मैफल निघाली तर मला जरूर बोलवा. रोज एकेक टक्का वाढवत महिन्याभरात शंभरावर आलो आणि परीक्षेच्या तीन आठवडे आधी आकडा पडला ९४. स्क्रीनशॉट काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, काकांनी हात जोडलेले पाठवले.

गिटारचे सर माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. त्यांच्यासमोर तेच गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "छान काका. आता गाणं वाजवा ना."

"हेच गाणं होतं."

"हो का."

मग त्यांनी समजावलं. आमचं सॉफ्टवेअर फक्त एवढंच बघत होतं की जो सूर हवा तो त्या क्षणाच्या आसपास कुठेतरी आहे का. त्याच्याबरोबर शेजारच्या दोन तारा बोंबलतायत का, सूर मध्येच तुटला का, हे ते विचारतच नव्हतं. म्हणजे पेपर तपासणाऱ्याने बरोबर उत्तर सापडल्यावर आजूबाजूला लिहिलेल्या शिव्या वाचल्याच नाहीत. मी घरी येऊन मुद्दाम सगळ्या तारा खराखरा झोडपत तेच गाणं वाजवलं. ९१. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या बाकावर सगळी दहा-बारा वर्षांची मुलं. एकाने विचारलं, "अंकल, तुमचा मुलगा आत आहे का?" मी हो म्हणालो, काय करणार. मग माझंच नाव पुकारलं.

आत परीक्षक बाई, पुढ्यात कागद आणि पेन. ट्रॅक सुरू झाला, शंभर टक्क्यांनी. पहिला बेंड केला आणि माझी नजर आपोआप समोरच्या भिंतीवर गेली, हिरवं दिसतंय का बघायला. भिंत क्रीम कलरची होती. बाईंनी काहीतरी लिहिलं. आता जर एखादा माणूस वाजवताना दर सुराला भिंतीकडे आशेने बघत असेल तर परीक्षकाला काय वाटत असेल याचा विचार मी करतच नाही. शेवटी त्यांनी गिटारवर बोट ठेवून विचारलं, याला काय म्हणतात? पिकअप, म्हणालो, आणि घरघर, ईशान्य, सिंगल कॉइल असं बरंच पुढे बोलत गेलो तेव्हा त्या "पुरे, पुरे" म्हणाल्या.

काही आठवड्यांनी निकाल आला. पास. शंभरपैकी ६८. खाली शेरा होता की सूर स्वच्छ आहेत, पण वादक सतत किंचित घाई करतो.

"किंचित म्हणजे किती?" बायकोने विचारलं.

मी म्हटलं, "१८७ मिलिसेकंद."