नकाशावरचा लाल भाग आणि खरपुडीचे कंद

‘नकाशात सातपुड्याचा जो भाग लाल आहे तिथे खरपुडी जगतेच, पावसाळ्यात कंद खणून तिथे लावा,’ असा संदेश खरपुडी या कंद असलेल्या रानवेलीबद्दल खान्देशात फिरतो आहे. कृपया तसे करू नका.

वनस्पती कुठे जगू शकेल याचा अंदाज देणारे असे नकाशे बहुधा मॅक्सएंटसारख्या संगणक प्रणालीतून, ती पूर्वी कुठे दिसली याच्या नोंदी आणि पाऊस-तापमान जुळवून बनतात. लाल म्हणजे हवामान मिळतेजुळते, एवढेच. नकाशाची एक चौकट बहुतेकदा साधारण १ चौरस किलोमीटरची. तिच्यात खडकाची कपार आणि कपाशीचे काळे रान एकच ठरते. नोंदीही रस्त्यालगतच्या जास्त, म्हणून आधी पायी पाहणी हवी: उतार, मातीची खोली, निचरा, शेळ्यांची चराई. परागीभवन करणाऱ्या बारीक माश्या नसतील तर वेल जगेल, शेंग धरणार नाही.

फुलोऱ्यात खणलेला कंद जखमेतून सडू शकतो आणि मूळ जागाही रिकामी होते. त्यापेक्षा पिकत आलेल्या मोजक्याच शेंगांवर जाळीची पिशवी बांधावी, नाहीतर बी वाऱ्याने उडते. रोपे रेताड मातीत वाढवून पावसाच्या सुरुवातीला दोन-तीन ठिकाणी लावावीत. बी धरून नवी रोपे उगवेपर्यंत लागवड यशस्वी म्हणू नये.

सातपुड्यातल्या यावल अभयारण्यातून तर विनापरवाना काहीही उपटणे १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.