मेथड कॉल साधा दिसतो, पण मध्ये नेटवर्क आहे

नागपुरातल्या डेव्हलपर मंडळींत एक संदेश फिरतो आहे: रुबी भाषेत डीआरबी (दुसऱ्या मशीनवरच्या ऑब्जेक्टच्या मेथड कॉल करू देणारी लायब्ररी) आणि रिंडा (डीआरबीवर बांधलेली, नेटवर्कवरच्या सर्व्हिस शोधून देणारी लायब्ररी) घ्या, दोन मशीनवरचा प्रोग्रॅम एकाच मशीनवर असल्यासारखा लिहा, नेटवर्क विसरा. मासातोशी सेकी यांच्या डीआरबीमुळे सॉकेट उघडण्याची, डेटा पॅक करण्याची कटकट जाते, हे खरं. पण ‘नेटवर्क विसरा’ हा सल्ला नवशिक्यांचं नुकसान करतो. या सल्ल्यामागचा एकेक दावा पाहू.

‘कॉल अगदी लोकलसारखाच.’ लिहायला, हो. पण समजा, कळमना बाजारातल्या अडत्याच्या साठ्यातून सर्व्हरने ५ पोती वजा केली आणि उत्तर येता येता लाइन तुटली. तुमच्या हातात फक्त डीआरबीकनएरर, म्हणजे जोडणी तुटल्याची चूक. पोती वजा झाली का? लायब्ररीला ते कळूच शकत नाही. रेस्क्यूमध्ये (चूक पकडणाऱ्या भागात) डोळे झाकून रीट्राय टाकलंत तर १० पोती जातील. त्यामुळे प्रत्येक मागणीला वेगळा क्रमांक द्या. वजावट आणि तो क्रमांक सर्व्हरने एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये नोंदवावा, आणि तोच क्रमांक पुन्हा आला तर आधीचंच उत्तर द्यावं. हा कोड तुम्हालाच लिहावा लागतो. साइडकिक (रुबीत पार्श्वभूमीला जॉब चालवणारं साधन) वापरलं तरी सुटका नाही. तिथेही एकच जॉब दोनदा चालू शकतो.

‘ऑब्जेक्ट आपोआप पलीकडे जातात.’ बहुतेकदा जाते ती मार्शल केलेली (बाइट्समध्ये बदलून पाठवलेली) प्रत. पलीकडे ॲरेत काही घातलं तरी तुमचा ॲरे तसाच राहतो. क्लासला डीआरबीअनडम्प्ड मॉड्यूल लावलं तर प्रतीऐवजी मूळ ऑब्जेक्टचा संदर्भ जातो, पण मग त्यावरचा प्रत्येक कॉल नेटवर्कवरून फेरी मारतो.

‘रिंडा सर्व्हिस स्वतः शोधते.’ रिंग सर्व्हर (सर्व्हिसची यादी ठेवणारा सर्व्हर) शोधायला ती ७६४७ पोर्टवर यूडीपी ब्रॉडकास्ट करते, म्हणजे नेटवर्कवरच्या सगळ्यांना एकदम हाक मारते, आणि असा ब्रॉडकास्ट राउटर सहसा पुढे सोडत नाही. आयटी पार्कमधल्या मशीनला मिहानमधलं मशीन असं सापडणार नाही. पत्ता हाताने द्यावाच लागेल.

‘ऑफिसच्या आतच आहे, सुरक्षेचं काय एवढं?’ हे मला सगळ्यात घातक वाटतं. उघड्या डीआरबी सर्व्हरवर इन्स्टन्स-इव्हॅल (दिलेला मजकूर कोड म्हणून चालवणारी मेथड) पाठवून हवी ती शेल कमांड चालवता येते. डीआरबीच्या डॉक्युमेंटेशनमध्येच तसा इशारा आहे. आधी एसीएल (कोणत्या पत्त्यांना जोडू द्यायचं याची यादी) लावा, मगच सर्व्हर सुरू करा.

‘रेल्ससुद्धा हेच वापरतं.’ रुबीतलं हे वेब फ्रेमवर्क ते वापरतं, आवृत्ती ६ पासून, समांतर टेस्टसाठी. पण ते एकाच मशीनवरच्या प्रोसेसमध्ये, युनिक्स सॉकेटवरून. तिथे तुटायला लाइनच नसते, आणि टेस्ट पडली तर पुन्हा चालवता येते.