एवढ्याशा प्लास्टिकचे एवढे पैसे?

आमच्या फॅमिली ग्रुपवर गेल्या आठवड्यात परत तोच वाद. नाशिकच्या काकांना हार्टचे ठोके अनियमित पडतात म्हणून क्रायोबलून (फुग्याने हृदयाजवळचा भाग गोठवायची प्रोसिजर) करा असं सांगितलंय, खर्चाचा आकडा बघून आतेभाऊ पेटला, "शेवटी प्लास्टिकचीच नळी ना रे, सरकारने स्टेंटची बांधली तशी याचीही किंमत बांधून टाका ना." लगेच वहिनीचं उत्तर, किंमत बांधली की चांगला माल इंडियात येणंच बंद होतं. आणि मी इथे अमेरिकेत, मिनेसोटात, कॅथेटर म्हणजे शरीरात घालायच्या नळ्या, त्यांच्या टेस्टिंगच्या नोकरीत (आमची कॅथेटरं वेगळी, पण घरच्यांना काय फरक पडतो), म्हणून सगळ्यांनी मलाच टॅग केलं.

तर ती नळी. जांघेतल्या शिरेतून हृदयात जाते, टोकाला २८ मिलिमीटरचा फुगा, तो फुप्फुसाकडून येणाऱ्या शिरेच्या तोंडाशी टेकवायचा आणि आत द्रवरूप नायट्रस ऑक्साइड सोडायचा, त्या द्रवाची वाफ होताना तो आजूबाजूची उष्णता ओढून घेतो, माठातलं पाणी गार होतं तसंच, फक्त इथे पारा उणे ४०-५० च्या घरात जातो. तेवढा भाग गोठून मरतो आणि गडबड करणारे सिग्नल पुढे जात नाहीत. आता एवढ्या गारठ्यात फुगा तडकला तर गॅस थेट रक्तात, म्हणून फुग्यात फुगा आणि मधे व्हॅक्यूम, एक जरी गळला तरी मशीनला कळतं आणि गॅस बंद होतो. शिवाय जवळूनच श्वासपटलाची नस जाते, ती गोठू नये म्हणून तिला बारीक विजेचे झटके देत राहतात आणि एक जण पेशंटच्या पोटावर हात ठेवून उभा असतो, उचकीसारखा धक्का हाताला मंदावला की ओरडायचं, थांबवा! एवढं हायटेक मशीन आणि भरवसा एका तळहातावर.

प्लास्टिक स्वस्तच असतं रे. पैसे जातात ते टेस्टिंगमध्ये फुटलेल्या फुग्यांत. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतो ना, माझं काम साधारण तेच, एक बुडबुडा दिसला की अख्ख्या लॉटची चौकशी.

पण म्हणून बिल बरोबर असतं असंही नाही हां. फेब्रुवारी २०१७ मध्ये औषधवाल्या स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली तेव्हा मी इथून तावातावाने लिहिलं होतं की संशोधन मरेल. आज तेवढा ठाम नाही. सरकारच्याच आकड्यांत नफ्याचा मोठा वाटा हॉस्पिटलच्या पातळीवर दिसला होता, फुगे फोडून बघणाऱ्यांकडे नाही. मला वाटतं आधी बिल फोडा, वस्तूचे किती, हॉस्पिटलचे किती, मग काय बांधायचं ते बांधा. आणि इथे स्वर्ग आहे असं समजू नका, आमच्याच टीममधल्या एकाला स्वतःच्या प्रोसिजरसाठी इन्शुरन्सशी दोन महिने भांडावं लागलं.

"आपल्याकडे कुठे काय बनतं" या वाक्यावर मात्र माझं डोकं फिरतं. हार्ट सर्जन डॉ. वलियाथन अमेरिकेत शिकून परत गेले, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत हृदयाची झडप करायला घेतली, पहिली मॉडेलं फसली, चौथं जमलं, त्यातली उघडझाप करणारी चकती प्लास्टिकचीच, पॉलिएथिलीनची. डिसेंबर १९९० मध्ये पहिल्या पेशंटला बसली, पुढे लाखावर पेशंटना. परदेशी झडपेपेक्षा बरीच स्वस्त, आणि ती किंमत बांधून नाही, फसलेली मॉडेलं सरकारी संस्थेने पचवली म्हणून. (मी काही परत गेलो नाही, हे आतेभावाने लगेच सुनावलंच.)

हे सगळं ग्रुपवर टाकलं. बाकीचे परत किमतीवर भांडायला लागले. काकांचा मेसेज वेगळा आला, "ते पोटावर हात ठेवणारं माणूस इथे पण असतं ना रे?"

उद्या डॉक्टरांना पहिलं हेच विचारा म्हटलं.